वाचक विचारतात: दोन बाईक आणि अख्खा ऑस्ट्रेलिया

गेल्या अंकात मी आणि माझा कॉलेजचा मित्र मेलबर्नहून निघून बाईकवर ऑस्ट्रेलियाची पूर्ण फेरी मारून आलो त्याबद्दल लिहिलं होतं. त्यावर इतके ईमेल आलेत की सगळ्यांना उत्तर देत बसलो तर तेवढ्यात अजून एक फेरी होईल, म्हणून सहा निवडलेत.

आम्ही दोघं मित्र, वय ४७ आणि ५०. लडाख दोनदा झालंय. पूर्ण फेरीला किती दिवस धरायचे आणि कुठल्या बाजूने जायचं? (नाशिक)

लडाख झालंय हे मस्तच, पण तो अनुभव इथे फारसा कामाला येत नाही. तिथे घाट, बर्फ, दम लागणं, इथे नुसता सरळ रस्ता आणि कंटाळा, आणि कंटाळ्यात डोळा लागतो. हायवे वन हा देशाला वेढा घालणारा रस्ता साधारण १४,५०० किमीचा आहे, पण नुसता तोच धरून कोणी जात नाही, हे बघू ते बघू करत आमचे १८ हजारांवर गेले. रोज सरासरी ३०० धरली तर साठ दिवस नुसतं चालवायचेच झाले, वर सर्व्हिसिंग, कपडे धुणं, पाठ भरून आली म्हणून झोपून काढलेले दिवस. तीन महिने धरा, आणि व्हिसावर मुक्काम किती दिवसांचा लिहिलाय ते आधी बघा. महिन्याभरात उरकणारेही आम्हाला भेटले, त्यांच्याकडे सांगायला फक्त पेट्रोलचे भाव होते.

दिशेपेक्षा महिना महत्त्वाचा. उत्तरेत नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा, आणि तिथला पाऊस म्हणजे हायवेच पाण्याखाली. जानेवारी २०२३ च्या पुरात फिट्झरॉय क्रॉसिंग या गावाजवळचा हायवेचा पूल मोडला आणि नवा सुरू व्हायला डिसेंबर उजाडला, यावरून काय ते समजा. म्हणून जूनअखेर मेलबर्न किंवा सिडनी सोडायचं, क्वीन्सलँडमधून वर, जुलैअखेर डार्विन आणि वायव्येकडचा किंबर्ली भाग, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पश्चिम किनाऱ्याने खाली (तेव्हा तिकडे रानफुलांचा सीझन असतो, माळच्या माळ रंगलेले) आणि मग नलारबोरवरून, म्हणजे दक्षिणेच्या उजाड सपाट माळावरून परत. उलटं केलंत तर जुलैत नलारबोरला हात गारठतात, ग्रिप हीटर असूनसुद्धा.

माझी हिमालयन इथूनच जहाजाने नेली तर? तिच्यावर जीव आहे. (सोलापूर)

जीव असू द्या पण नेऊ नका. कार्नेट (गाडी तात्पुरती परदेशात न्यायचा कस्टम्सचा कागद) काढा नाहीतर कस्टम्सकडे पैसे अडकवा, जहाजाचं भाडं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे माती. ऑस्ट्रेलियाला बाहेरून आलेल्या मातीची भयंकर भीती आहे, मडगार्डच्या आत वाळका चिखल सापडला तर धुण्याचा खर्च तुमच्या माथी. तिथेच सेकंडहँड घ्या आणि शेवटी विका. रॉयल एनफिल्ड तिथेही मिळते त्यामुळे हिमालयनच घेता येईल. रजिस्ट्रेशनला तिकडे सगळे 'रेजो' म्हणतात, ते किती महिने शिल्लक आहे ते बघून भाव करा. इंटरनॅशनल परमिट आरटीओतून काढताना त्यात टू-व्हीलरचा शिक्का आहे ना ते खिडकीवरच तपासा. आणि नुसतं आयएसआय मार्कचं हेल्मेट तिथे चालत नाही, ईसीई या युरोपियन मार्कवालं किंवा तिथल्या मार्कचं लागतं.

माझ्या गाडीची टाकी लहान आहे. पेट्रोल पंप किती अंतरावर असतात? (पिंपरी)

पूर्व किनाऱ्याला काहीच टेन्शन नाही. खरी गंमत पश्चिमेला. ब्रूम सोडलं की रोबकचा रोडहाऊस (हायवेवरचा पंप आणि खाण्याची जागा) आणि तिथून हायवेवर पुढचा पंप थेट सँडफायरला, मध्ये साधारण २९० किमी. माझ्या मित्राच्या गाडीची टाकी १३ लिटरची, एरवी सहज ३०० जायची, म्हणून साहेबांनी कॅन भरला नाही, 'होतंय की' म्हणाले. त्या दिवशी आडवा वारा असा सुटला की गाडी तिरकी करून चालवावी लागत होती आणि २३० लाच रिझर्व्हला लागली. शेवटी माझ्या टाकीतून नळी घालून तोंडाने ओढून पेट्रोल काढलं, तोंडाची चव दोन दिवस गेली नाही, आणि एवढं करून सँडफायरला पोचल्यावर तो म्हणतो कसा, बघ, पोचलो ना.

तर हिशोब असा करा की घरी जे ॲव्हरेज मिळतं त्याच्या पाऊणपटच धरायचं, आणि पाच लिटरचा कॅन उत्तर आणि पश्चिमेला कायम भरलेला. नलारबोरला रोडहाऊस ठरावीक अंतरावर आहेत, तिथे पेट्रोल संपत नाही, पैसे संपतात. आडगावी पंपांवर 'ओपल' नावाचं पेट्रोल दिसेल, लोकांनी हुंगून नशा करू नये म्हणून बनवलेलं, ते साध्या ९१ ऑक्टेनच्या गाडीला चालतं. ज्या गाडीला ९५ किंवा ९८ च लागतं ती घेताना मात्र विचार करा.

आम्ही शाकाहारी आहोत, खायचं काय? (डोंबिवली)

रोडहाऊसला चिप्स आणि चीज टोस्ट. बाकी स्टोव्ह, तांदूळ, मसूर आणि घरचा मसाला. विमानतळावर कार्डावर सगळं लिहून डिक्लेअर करा, अगदी मेतकूटसुद्धा, लपवलंत तर दंड. आणि देशाच्या आतही नाके आहेत बरं का, वेस्टर्न ऑस्ट्रेलियात फळं, भाज्या, मध नेता येत नाही. आम्ही कुनुनुराच्या अलीकडे नाक्यासमोर रस्त्याच्या कडेला बसून एकेकाने सहा-सहा संत्री संपवली. मधाची नवीन बाटली कचऱ्यात गेली.

तीन महिने एकाच मित्राबरोबर! भांडणं नाही झाली? खरं सांगा. (पुणे)

झाली ना. हॉल्स क्रीक ते फिट्झरॉय क्रॉसिंग आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. कारण विचाराल तर त्याला दर दहा किलोमीटरला फोटो काढायचा असतो आणि मला गाडी एकदा लयीत आली की थांबायचं नसतं, मी पुढे जाऊन झाडाखाली वाट बघत बसायचो आणि तो आला की माझा चेहरा बघूनच तापायचा. इंटरकॉम होता, त्याने अजूनच वाट लागली, कारण दिवसभर कानात दुसऱ्याचं गाणं आणि दुसऱ्याचा खोकला. फिट्झरॉयला आम्ही इंटरकॉम बॅगेत टाकला आणि ठरवलं की सकाळी पुढचा पंप ठरवायचा, तिथे भेटायचं, मधल्या वाटेत ज्याने त्याने आपल्या चालीने जायचं. पुढच्याने पंपावर अर्धा तास थांबायचं, मागचा आला नाही तर उलटं फिरायचं, मग कितीही राग असो. पैशाचं म्हणाल तर एका डब्यात दर सोमवारी दोघांची सारखी कॉन्ट्री, पेट्रोल आणि मुक्काम त्यातून, बिअर आपापली.

पण एक गोष्ट आम्ही निघण्याआधी बोललो नव्हतो ती तुम्ही जरूर बोला. एकाची गाडी बसली तर दुसऱ्याने थांबायचं की जायचं? कार्नार्व्हनला त्याच्या मागच्या चाकाचं बेअरिंग गेलं, पार्ट पर्थहून येणार, म्हणजे ९०० किमीवरून, आणि मधे शनिवार-रविवार. गॅरेजवाला म्हणाला उद्या, मग परत उद्या, असे पाच दिवस. मला आतून निघून जायचं होतं, खोटं कशाला बोलू. तोच म्हणाला जा तू, आणि ते ज्या आवाजात म्हणाला त्यामुळे जाताही येईना. कार्नार्व्हन केळ्यांचं गाव आहे, चहूकडे बागा, जळगावला आल्यासारखं वाटतं. पाच दिवस केळी खाल्ली आणि बारावीपासूनची सगळी उणीदुणी काढली. त्यात हेही निघालं की सँडफायरच्या दिवशी तो घाबरला होता, मला दिसू नये म्हणून हसत होता.

माझा मुलगा मित्राबरोबर ही ट्रिप करायची म्हणतोय. अपघात झाला तर तिथे कोण बघणार? मी काय तयारी करायला सांगू? (सांगली)

ताई, काळजी रास्त आहे म्हणून गोड गोड लिहीत नाही. सगळ्यात मोठा धोका अंधार. कांगारू पहाटे आणि तिन्हीसांजेला रस्त्यावर येतात, उत्तरेत कुंपण नसलेल्या रानातली गुरंसुद्धा, म्हणून चार-साडेचारला गाडी स्टँडला लावायची असं त्याच्याकडून कबूल करून घ्या. दुसरं रोड ट्रेन, म्हणजे ५३ मीटरपर्यंत लांब ट्रक, चार एसट्या एकापुढे एक लावा तेवढा. समोरून आला की हवेचा फटका छातीवर बसतो. ओव्हरटेकची घाई नको, पुढचा दीड-दोन किलोमीटर रस्ता रिकामा दिसेपर्यंत मागेच राहायचं. तिसरं कंटाळा, नलारबोरवर १४६.६ किमीचा पट्टा आहे ज्यात एकही वळण नाही, मुंबई-पुण्याएवढा. तिथे दर तासाला थांबून पाणी प्यायला सांगा, तहान नसली तरी.

अपघात झालाच तर इमर्जन्सी नंबर तीन वेळा शून्य, आणि आडरानात फ्लाइंग डॉक्टरचं विमान येतं. ही सेवा १९२८ पासून आहे आणि नलारबोरवर तर हायवेवरच विमान उतरायच्या पट्ट्या आखून ठेवल्यात. पण आपल्याकडच्या पर्यटकाला तिथली सरकारी मेडिकेअर मिळत नाही, त्यामुळे ट्रॅव्हल इन्शुरन्स हवाच, आणि बारीक अक्षरात किती सीसीपर्यंतची बाईक चालते ते स्वतः वाचा. बऱ्याच पॉलिसींत मोठी बाईक बसतच नाही.

फोनला शेकडो किलोमीटर रेंज नसते, म्हणून सॅटेलाइट मेसेंजर घ्यायला लावा आणि रोज रात्री एक ठरलेला मेसेज, 'पोचलो' एवढाच. तो कधी येईल याचा अंदाज हवा तर पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, डार्विन चार, सिडनी-मेलबर्न साडेचार, ऑक्टोबरपासून साडेपाच. नलारबोरवरच्या यूक्ला गावाच्या आसपास मात्र त्यांनी स्वतःचंच घड्याळ लावलंय, सव्वातीन तास पुढे. तिथे एक रात्र तो मेसेजच्या वेळेत घोळ घालणार हे धरूनच चाला.