माइल्स डेव्हिस ऐकायला सुरुवात करताना

माइल्स हा अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक; त्याचं सगळं एकदम ऐकू नकोस. महिनाभर एकच रेकॉर्ड लाव, १९५९ची ‘काइंड ऑफ ब्लू’, आणि तिच्यातलं पहिलं ‘सो व्हॉट’. सवाईला बसून तयार झालेला तुझा कान इथे थेट कामी येईल.

धून आधी पॉल चेंबर्सच्या बासवर येते. मग १६ बार (बार म्हणजे इथे चार मात्रांचा एक खंड) एकच स्वरसप्तक: गंधार-निषाद कोमल, म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर. पुढचे ८ बार षड्जच अर्ध्या स्वराने वर सरकतो, शेवटचे ८ परत खाली. हे ३२ बार बोटांवर मोज. जागा चुकेल, पुन्हा मोज. ते सरकणं आपोआप कळायला लागलं की माइल्सचा सोलो उलगडतो. किती कमी स्वर घेतो तो, आणि कुठे कुठे थांबतो! त्या थांबण्यावर माझा आयुष्यभर जीव आहे.

पेटीवर स्वर लावून बघणार असशील तर एक सांगतो. जुन्या एलपीची पहिली बाजू किंचित चढी वाजते. मूळ ध्वनिमुद्रणाच्या वेळी टेपचा वेग चुकला होता, दुरुस्ती झाली ती थेट नव्वदच्या दशकात. म्हणून जुन्या बाजारात प्रत मिळालीच तर जरूर घे, पण स्वर नंतरच्या सीडीवरून जुळव.

‘ब्लू इन ग्रीन’ मात्र रात्री, हेडफोनवर. म्यूट (आवाज दबवणारी टोपी) लावलेला तो ट्रम्पेट कर्वे रोडच्या गर्दीत ऐकू येणारच नाही.

त्यानंतर साठच्या दशकातलं माइल्सचं पंचक, म्हणजे पाच वादकांचा संच, घे. ड्रमर टोनी विल्यम्स त्यात आला तेव्हा १७ वर्षांचा होता. १९७०चा ‘बिचेस ब्रू’ सगळ्यात शेवटी.