मध्ये पडायचं कसं?

‘आपण व्हिसावर आलेलो, दुसऱ्यांच्या भांडणात कशाला पडायचं?’ वडोदऱ्याचा दांडिया बाजार, रावपुरा सोडून परदेशी गेलेल्या घरांतून, समोर कुणाला रंगावरून त्रास होत असला की, हा प्रश्न सारखा येतो. भीती खरी आहे, पण गप्प राहण्याची किंमत वडोदऱ्याला ठाऊक आहे. १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीत आलेल्या आंबेडकरांना जातीवरून पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. गावातल्या दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. एकाने घरच्या नोकरांची अडचण सांगितली, दुसऱ्याने बायकोला विचारावं लागेल म्हटलं. त्यांनी कमाटीबागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. त्या मित्रांच्या मनात द्वेष नव्हता. त्यांना घरच्यांची धास्ती होती.

बसमध्ये कुणी एखाद्या कृष्णवर्णीय बाईंना शिव्या देत असेल, तर शिव्या देणाऱ्याशी वाद घालू नका. बाईंपाशी जा, ‘ही बस स्टेशनला जाते का?’ असं काहीही विचारा आणि तिथेच उभे राहा. समोरचा प्यायलेला किंवा हातघाईवर आलेला असेल, तर लांब राहून ड्रायव्हरला सांगा. ब्रिटनमध्ये रेल्वेत असाल तर रेल्वे पोलिसांना ६१०१६ वर मेसेज करा. जिवावर बेतत असेल तर थेट ९९९. दुसरं कुणी मदतीला असेल तरच व्हिडिओ काढा, आणि तो बाईंच्या हवाली करा. त्यांना न विचारता तो पसरवला, तर त्यांचा अपमान गावभर होतो. शेवटी ‘सोबत थांबू का?’ एवढं विचारा. पोलिसांत जायचं की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

ऑफिसात जीभ अडखळते, कारण आपण मनात भाषण जुळवत बसतो आणि तोवर विषय बदलतो. एकच वाक्य पाठ ठेवा: ‘व्हॉट डू यू मीन बाय दॅट?’ घरी मोठ्याने म्हणून बघा, साध्या आवाजात. टोमणा मारणाऱ्याला मग त्याचा अर्थ सांगावा लागतो, आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. त्याच संध्याकाळी तारीख, नेमके शब्द आणि हजर असलेल्यांची नावं स्वतःच्या वहीत लिहा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार, वंशभेदाला प्रामाणिकपणे हरकत घेणाऱ्यावर कंपनीला सूड उगवता येत नाही. व्हिसावर असणाऱ्यांनाही हे संरक्षण आहे. सरकारकडे तक्रार करण्याची मुदत १८० दिवस, अनेक राज्यांत ३००. कायदा असूनही त्रास होऊ शकतो, म्हणून ती वही जपा.

सगळ्यांत अवघड जागा मात्र घरातलीच. वडोदऱ्याहून फोन येतो, ‘काळ्यांच्या वस्तीत घर घेऊ नका हं!’ आणि आपण हसून विषय टाळतो. शेजारी मुलं ऐकत असतात. ग्रुपवर चारचौघांत बोललात तर वडीलधारे दुखावतात आणि मूळ मुद्दा बाजूला राहतो. त्याच दिवशी वेगळा फोन करा: ‘बाबा, असं नका म्हणू. मुलांच्या वर्गात ती मुलं रोज शेजारी बसतात.’ पहिल्यांदा रुसवा येईल. पुढच्या रविवारचा फोन मात्र चुकवू नका, आणि पुन्हा तसं बोलणं निघालं तर तेच वाक्य पुन्हा म्हणा.