एरंडोलहून जळगावला रोज अप-डाऊन करू की खोली घेऊ? घरून महिन्याला ५,००० मिळतात.

पहिलं वर्ष तरी अप-डाऊनच करा; ५,०००मध्ये खोलीभाडं आणि मेस दोन्ही बसवायला गेलात तर २० तारखेनंतर मित्रांकडे हात पसरावा लागेल. विद्यार्थ्यांना एसटीच्या मासिक पासावर ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिकिटाचा जेमतेम एक तृतीयांश खर्च. कॉलेजकडून बोनाफाईड (तिथं शिकत असल्याचा दाखला) घ्या आणि पास महिना सुरू होण्याआधीच काढा, नाहीतर मधले दिवस पूर्ण तिकीट पडतं. डबा घरचा. मी तीन वर्षं असंच केलं. खिसा कापला तो बसने नाही, स्टँडवरच्या चहा-कचोरीने आणि दर शनिवारच्या शेवभाजीच्या वर्गणीने! दहा-वीस रुपये फोनवरून जातात तेव्हा कळतच नाहीत, म्हणून वरखर्चाचे पैसे आठवड्याच्या हिशेबाने रोख काढून ठेवा.

महाडीबीटीची, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरून मिळणारी शिष्यवृत्ती महिन्याच्या हिशेबात धरू नका. ती आधार जोडलेल्या खात्यात येते, पण कधी येईल याचा नेम नाही.

फक्त प्रॅक्टिकल सकाळी सातला किंवा संध्याकाळी उशिरा असतील तर गणित बदलतं. मग तिघांत एक खोली बघा, आणि मेस ठरवताना गावी गेल्यावर खाडे धरतात का, हे आधी विचारा.