फॅमिली थेरपीने घरातलं बोलणं खरंच सुधारतं का? बाबा यायलाच तयार नाहीत

सुधारतं. बाबा येत नाहीत कारण त्यांना वाटतंय तिथे कोर्ट भरणार आणि आरोपी आपणच, आमच्याकडेही तेच होतं.

आमचं घर फोंड्याजवळ. दादाने वाटणीचा विषय काढला त्या दिवसापासून बाबा आणि तो बोलेनात, दीड वर्ष, एकाच घरात. सगळं आईमार्फत. 'त्याला सांग गॅस संपलाय', 'त्यांना सांग नंबर लावलाय', आणि दोघे समोरासमोर बसलेले! आईचं बीपी वाढलं तेव्हा मी सगळ्यांना पणजीला काउन्सेलरकडे नेलं, बाबांना सांगितलं आईच्या बीपीसाठी जायचंय. खोटं बोललो, हो.

त्या बाईंनी वाटणीचं नावसुद्धा काढलं नाही. बाबांना विचारलं, तुम्ही दोघे गप्प असता तेव्हा या काय करतात? बाबांना सांगताच येईना. दादा म्हणाला, टेबल पुसते, पुसलेलंच परत. आई मान खाली घालून बसलेली.

दोघांतला ताण तिसऱ्यावर टाकायचा, याला मरे बोवेन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने त्रिकोण म्हटलंय. त्याने 1950 च्या दशकात पेशंटसोबत अख्खी कुटुंबं हॉस्पिटलात राहायला आणली होती, आम्हाला पंधरा दिवसांनी पणजीची एक खेपसुद्धा जड जायची.

बाईंनी आईला एकच काम दिलं, निरोप पोचवायचे नाहीत. चवथ आली, म्हणजे गणेश चतुर्थी. बाबा स्टुलावर चढून माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची चौकट, बांधतायत, खाली दादा. बाबा सवयीने ओरडले, 'त्याला सांग सुपारीचं शिपटं (घोस) दे'. आई नेवऱ्या तळत होती, तिने मान वर केली नाही. बाबा हात लांब करून तसेच उभे, मिनिटभर तरी. शेवटी म्हणाले, 'दे रे ते.'

वाटणी अजून झालेली नाही, भांडतात, पण आता एकमेकांशी.

तुम्ही बाबांशिवाय सुरू करा, जे येतील त्यांच्यावरही काम होतं. हां, घरात मारझोड असेल तर सगळ्यांना एकत्र बसवू नका, आधी एकट्याने भेटा. कुणाकडे जायचं कळत नसेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आहे, फुकट, 24 तास.

आमची आत्या अजून ऐकवते की घरातलं बाहेर नेलंस, गणपतीनेच जुळवलं असतं. अगं आत्या, चवथ तर आदल्या वर्षीही आली होती, तेव्हा माटोळी मी एकट्याने बांधली.