एफएमआरआयचं पहिलं मॉडेल बसवताय? एवढं सांभाळा

एफएमआरआय म्हणजे मेंदूचं काम टिपणारं एमआरआय स्कॅनिंग. त्याच्या डेटासाठी डायनॅमिक कॉजल मॉडेलिंग, मशीन लर्निंग अशा प्रगत पद्धती सध्या बाजूला ठेवा. आधी साधं जनरल लिनिअर मॉडेल (मोजलेला सिग्नल म्हणजे काही स्तंभांना गुणकांनी गुणून केलेली बेरीज, असं मानणारं) नीट बसवा, निम्मी लढाई तिथेच आहे.

स्कॅनर चेतापेशींचं काम थेट मोजत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनवर मागाहून होणारा परिणाम मोजतो. चित्र क्षणभर दाखवलं, तरी सिग्नल ५-६ सेकंदांनी शिखर गाठतो, मग मूळ पातळीच्या थोडा खाली जाऊन सावकाश सावरतो. म्हणून घटनांच्या वेळा तशाच न वापरता या प्रतिसाद-वक्राशी कॉन्व्हॉल्व्ह करायच्या, म्हणजे प्रत्येक घटनेच्या वेळेपासून हा वक्र ठेवून सगळ्यांची बेरीज करायची.

हमखास होणाऱ्या चुका:

- टीआर (एका स्कॅनपासून पुढच्या स्कॅनपर्यंतचा वेळ) २ सेकंद, सुरुवातीचे ४ स्कॅन टाकून दिले, पण घटनांच्या वेळांतून ८ सेकंद वजा केलेच नाहीत. सगळं मॉडेल सरकतं आणि सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही!
- स्थिरांकाचा (मूळ पातळीचा) स्तंभ असताना 'विश्रांती'चाही वेगळा स्तंभ घातला. मग गुणकांचं एकच एक उत्तर निघत नाही.
- डोक्याच्या हालचालीचे ६ स्तंभ (३ दिशांना सरकणं, ३ अक्षांभोवती फिरणं) विसरले.

हजारो व्हॉक्सेलवर (मेंदूच्या चित्रातल्या छोट्या ठोकळ्यांवर) एकदम चाचणी करताना मल्टिपल कंपॅरिझनची दुरुस्ती हवीच, कारण इतक्या चाचण्यांत काही निव्वळ योगायोगानेही खऱ्या वाटतात. ती न केल्यास मेलेल्या सॅमन माशाच्या मेंदूतही 'सक्रियता' दिसते, हे २००९ मध्ये दाखवून झालंय.

रंगीत नकाशे नंतर. आधी डिझाइन मॅट्रिक्स (मॉडेलच्या सगळ्या स्तंभांचा तक्ता) डोळ्यांखालून घाला, आणि एका व्हॉक्सेलच्या आलेखावर मॉडेलची रेघ ओढून पाहा.