कधी एकदा सांगतेय असं झालंय

ताई, तुमचा प्रश्न परवा वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना, म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय. तुमच्या मैत्रिणीची एकसष्टी आहे, तुम्हाला चार शब्द बोलायचेत आणि भाषण लिहिताना दोन वाक्यांवर गाडी अडली. एक म्हणजे ‘आमची मैत्री खूप डीप आहे’, याचं तुम्ही ‘खोल मैत्री’ केलंत पण ते तुम्हालाच खटकलं. आणि दुसरं, तिला नोकरी लागली तेव्हा ती इतकी एक्सायटेड होती की घरी सांगायच्या आधी धावत तुमच्याकडे आली, तर या एक्सायटेडला डिक्शनरीत ‘उत्तेजित’ सापडलं आणि लेकीने ते लगेच खोडायला लावलं.

लेकीने बरोबर केलं. उत्तेजित मधला मूळ धातू धार लावण्याचा आहे, तेज आणि तीक्ष्ण हे त्याच घरातले शब्द. त्यातलं उत्तेजन आपण शाळेच्या बक्षीस समारंभात ठेवलंय, उत्तेजनार्थ पारितोषिक, म्हणजे प्रोत्साहन. पण उत्तेजित झालेला माणूस म्हटलं की एकतर तो भडकलेला असतो नाहीतर भलताच अर्थ निघतो, नोकरीचं पत्र हातात धरून पळत आलेल्या पोरीला तो शब्द लावायचाच नाही.

आधी खोल बघू. विहीर खोल, जखम खोल, विचारसुद्धा खोल चालतो. पण माणसाला खोल म्हटलं की काय होतं बघा, ‘तो फार खोल आहे’ म्हणजे त्याच्या पोटात काय चाललंय ते कळत नाही, मनातलं बाहेर येऊ देत नाही. म्हणजे इंग्रजीत डीप म्हणून जे कौतुकाने म्हणतात त्याच्या जवळजवळ उलट झालं, कारण मैत्रीत तर सगळं बाहेर येतं. तुम्हाला जे खटकलं ते यामुळे खटकलं, तुमचा कान चांगला आहे.

मग मराठी मैत्रीला काय म्हणते? घट्ट म्हणते, दाट म्हणते, गाढ म्हणते. ओळख दाट असते, मैत्री घट्ट असते, स्नेह गाढ असतो. माझा स्वतःचा जीव गाढ या शब्दावर आहे कारण त्यात तुमचं डीप गुपचूप बसलेलं आहे. संस्कृतातला गाह् हा धातू म्हणजे बुडी मारणे, पाण्यात शिरणे, अवगाहन मधला तोच, आणि गाढ हे त्याचंच रूप, म्हणजे आत शिरलेलं, बुडालेलं, आणि त्यावरून मग दाट, घट्ट. गाढ झोप म्हणजे काय तर बुडून गेलेली झोप. म्हणजे खोली आहे पण ती विहिरीसारखी काठावरून वाकून बघायची नाही, स्वतः उडी मारल्यावर कळणारी आहे. आपल्या नाशिककरांना हे समजायला रंगपंचमीची रहाड पुरे. जुन्या नाशकात ते दगडी हौद वर्षभर झाकून मातीखाली असतात, रंगपंचमीला उघडून रंगाच्या पाण्याने भरतात आणि मग पोरं एकामागून एक धप्पा मारतात. काठावर उभ्या असलेल्यावरही रंग उडतोच, पण जो आत पडला तो आणि त्याच्या अंगावर पडलेला दुसरा, ते दोघं बाहेर येतात तेव्हा कोण कुठला ओळखू येत नाही. माझ्या डोळ्यासमोर गाढ म्हटलं की तेच येतं.

आता जिगरी. दोस्त, यार, जिगर हे तिन्ही फारसीतून आलेले आणि कधीच आपले झालेले. जिगर म्हणजे यकृत. आणि मजा म्हणजे आपलं काळीजही मुळात यकृतच, मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की काय मिळतं ते आठवा, बोलताना मात्र आपण ते हृदयाच्या जागी नेऊन ठेवलंय. म्हणजे जिगरी दोस्त आणि काळजाचा तुकडा ही दोन्ही माणसं शरीरात एकाच ठिकाणी राहतात. पण एकसष्टीच्या भाषणात जिगरी नको, ती कट्ट्यावरची पोरांची भाषा आहे, तिथेच शोभते.

तुम्हाला हवा तो शब्द माझ्या मते जिवाभावाची किंवा जिवलग. जिवलग मध्ये जीव आहे आणि लागणे आहे, आणि या लागणे वर मला जरा थांबायचंय कारण सगळी गंमत तिथे आहे. मराठीत लावणे आणि लागणे अशी जोडी आहे. विरजण आपण लावतो, दही मात्र लागतं. झाड आपण लावतो, फळ लागतं. तसाच जीव आपण लावतो आणि जीव लागतो. पहिलं आपल्या हातात आहे, दुसरं नाही. माझी आई रात्री दुधाला विरजण लावून पातेलं झाकून ठेवायची आणि कोणी मध्येच झाकण काढून हलवून बघितलं तर ओरडायची, हलवू नको लागायचं नाही म्हणून. मैत्रीचं मला अगदी तसंच दिसतं. दुपारी कॅन्टीनमध्ये अर्धा डबा पुढे सरकवणं, तिच्या सासूच्या आजारपणात रात्री हॉस्पिटलमध्ये बसणं, पैसे परत कधी देतेस हे न विचारणं, हे सगळं लावणं झालं. ते कधी लागलं हे कुणालाच सांगता येत नाही, एक दिवस सकाळी बघितलं तर घट्ट झालेलं असतं. भूक, तहान, लळा, छंद, वेड हेसुद्धा लागतातच, कोणी ठरवून करत नाही. इंग्रजीत मैत्री ‘मेक’ करतात, आपल्याकडे ती जमते किंवा होते, आणि मुरली की जीव लागतो.

मैत्र हा शब्दही हल्ली बरेच जण वापरतात, तो नवा नाहीये, पसायदानात ‘भूतां परस्परें पडो । मैत्र जीवांचें’ आहे, शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०. तिथे तो नपुंसकलिंगी आहे आणि जीव तिथेही शेजारीच आहे बघा. भाषणाच्या शेवटी वापरायला चांगला आहे पण ‘आमचं मैत्र’ असं म्हणा, ‘आमची मैत्र’ नको.

आता एक्सायटेड. इथे एकच शब्द मागितलात तर मी देऊ शकत नाही आणि देणारही नाही, कारण मराठीने हे वाटून ठेवलंय. व्हायच्या आधीची ती उत्सुकता किंवा आतुरता. आतुर म्हणजे संस्कृतात आजारी, आयुर्वेदात रुग्णाला आतुर म्हणतात, आणि ज्याला धीर धरवत नाही त्याची अवस्था काय वेगळी असते? काम करायचा जोर म्हणजे हुरूप आणि उत्साह. नाट्यशास्त्रात उत्साह हा वीररसाचा स्थायीभाव, म्हणजे मुळाशी असलेला भाव आहे, लढायला निघालेल्या माणसाचा, त्यामुळे बातमी सांगायला आलेल्या मुलीला तो नीट बसत नाही. नवी वस्तू, नवं माणूस यांचं वाटतं ते अप्रूप, अपूर्व वरून आलेलं. आणि आनंदाची गोष्ट झाल्यावर माणसाचं जे होतं ते हरखणं. हा हर्षाचाच घरगुती अवतार आहे पण मला मूळ शब्दापेक्षा जास्त खरा वाटतो, हर्ष निमंत्रणपत्रिकेत होतो, हरखतं मात्र माणूस.

पण तुमच्या वाक्यातली जी गोष्ट आहे, की तिला सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं, त्याला मराठीत नाम नाहीच, अख्खं वाक्य आहे. ‘कधी एकदा सांगतेय असं झालं होतं.’ हे आपण सगळे रोज बोलतो आणि लिहायला बसलो की विसरतो. या वाक्यात बघा कर्ता मी नाही, मला ‘झालंय’, आणि त्याला पुरं व्हायला समोर दुसरं माणूस लागतं. एकट्याने एक्सायटेड राहता येतं, कधी एकदा सांगतेय असं मात्र एकट्याला होत नाही, ते होतं तेव्हाच ऐकणारं माणूस मनात ठरलेलं असतं. पोटात राहत नाही, तोंडात तीळ भिजत नाही, आनंद गगनात मावत नाही, हे सगळे वाक्प्रचार आत जागा न पुरल्याचेच आहेत.

माझंच सांगतो. सातपूरला एका कारखान्यात मला पहिली नोकरी लागली तेव्हा घरी फोन नव्हता, पत्र खिशात घालून सायकलवर निघालो, त्र्यंबक रोड, सीबीएस, रविवार कारंजा, होळकर पूल आणि मग पंचवटी, सगळ्या रस्ताभर आईला कसं सांगायचं ते वाक्य बदलत होतो. पण पूल ओलांडताना पोटात खड्डा पडला कारण माझ्या गल्लीतला मित्र, आम्ही बारावीपासून बरोबर, तोही त्याच इंटरव्ह्यूला होता आणि त्याचं झालं नव्हतं. ठरवलं की त्याला दोन दिवस सांगायचंच नाही. घरी आलो, आईने ऐकलं आणि काही न बोलता आधी देवापुढे साखर ठेवली, मग तीच चिमूट माझ्या हातावर. वडील फक्त ‘बरं झालं’ म्हणाले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. अर्ध्या तासाने पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि बरोबर तो मित्र. वडिलांनी त्याला दुकानात जाताना सांगून टाकलं होतं आणि तो तिथूनच गल्लीभर ओरडत आला होता. मला म्हणाला, मला कळवायला काकांना यावं लागलं होय रे. त्याला खरंच राग आला होता, नोकरीचा नाही, न सांगितल्याचा. तेव्हा मला जिवलग या शब्दातला लग कळला असं मी आजही मानतो. दुःखात धावून येणारे बरेच असतात, त्यांचे उपकार आहेतच, पण स्वतःचा हात रिकामा असताना दुसऱ्याच्या बातमीने हरखणारा माणूस मला त्याहून जवळचा वाटतो.

भाषणात आनंद ‘शेअर करणे’ हेही येईलच, त्याला त्या पेढ्यांवरून उत्तर मिळतं. आनंद शेअर केला असं न लिहिता ‘वाटला’ लिहा, आपल्याकडे पेढे वाटतात म्हणजे बातमीच वाटतात. ‘मला आनंद वाटतो’ मधलं वाटणं आणि पेढे वाटणं, दोन्ही एका उच्चाराची पण वेगवेगळ्या मुळांची क्रियापदं आहेत, तरी शेजारी आली की छान दिसतात, भाषणात वापरायला हरकत नाही.

आणि ऐकणाऱ्याच्या बाजूचा शब्द कौतुक. हिंदीत कौतुक म्हणजे कुतूहल, आश्चर्य, तमाशा, संस्कृतातही कुतूहलच, शिवाय लग्नात हाताला बांधायचा दोरा. मराठीने त्याचं प्रेमाने केलेली वाखाणणी असं करून टाकलं, आणि हे मला फार मोठं वाटतं, कारण कौतुक करणारा मुळात कुतूहलाने बघणारा असतो. घरातलं पोर शाळेतून येऊन काहीतरी सांगायला लागतं तेव्हा ‘हो का, मग काय झालं?’ एवढं विचारणं हेही कौतुकच. नुसतं ‘वा छान’ म्हणून मोबाईलमध्ये बघत राहणं यात तो जुना अर्थ उरत नाही.

अजून एक गोष्ट, हे मात्र माझं स्वतःचं वाचन आहे. नवविधा भक्तीत आठवी भक्ती सख्य आणि नववी आत्मनिवेदन. समर्थ रामदास आपल्या नाशिकच्या टाकळीला बारा वर्षं तपाला होते, त्यांच्या दासबोधात चौथ्या दशकात आठवा समास सख्यभक्तीचा आहे आणि नववा आत्मनिवेदनाचा. तिथे आत्मनिवेदन म्हणजे स्वतःला देवाला वाहून टाकणं, तो अर्थ मी बदलत नाहीये. पण निवेदन शब्दात कळवणं, सांगणंही आहे, आणि सख्याच्या पुढची पायरी म्हणून सगळं सांगून मोकळं होणं आलं हे मला टाकळीच्या मठात बसलो की दरवेळी जाणवतं.

तर तुमची वाक्यं मी अशी करीन. ‘आमची मैत्री नुसती जुनी नाही, गाढ आहे, माझा हिच्यावर जीव आहे.’ आणि दुसरं, ‘हिला नोकरी लागली त्या दिवशी, कधी एकदा मला सांगतेय असं हिला झालं होतं, घरी न जाता धापा टाकत आधी माझ्या दारात आली, आणि मग आम्ही दोघी मिळून हिच्या आईला सांगायला गेलो.’ शेवटचा तुकडा मी घातलाय, खरा नसेल तर काढून टाका, पण तुम्ही बरोबर गेला असणार असं मला का कोण जाणे वाटलं.

राहता राहिलं शुद्धलेखन, कारण तुम्ही ते कार्डावर छापणार आहात. जीव दीर्घ, पण सामान्यरूपात जिवाला, जिवाचा असा ऱ्हस्व होतो म्हणून जिवाभावाची, जिवलग सुद्धा ऱ्हस्वच. प्रेसवाल्याला आधीच सांगून ठेवा, बऱ्याच कार्डांवर मी जीवाभावाची असं छापलेलं बघितलंय.