सासूचं घड्याळ

प्रश्न : मी ६७ वर्षांची. मुलगा जाऊन सहा वर्षं झाली. सून इथंच राहते, शाळेत शिकवते. तिच्या माहेरचे आणि माझे दीर म्हणतात, तिचं लग्न लावून द्या, नाहीतर परत पाठवा. ती म्हणते, मला एक मुलगी दत्तक घ्यायची आहे, आपण तिघी राहू. मध्यंतरी भाच्याने 'तोक्यो स्टोरी' हा जुना जपानी सिनेमा लावून दिला. खालच्या इंग्रजी ओळी वाचून सून मला अहिराणीत सांगत होती. दोन तासांत काही घडलं नाही, तरी शेवटी ती म्हणाली, "आते बुढा एकटाच शे," आणि मी रडले. असं का झालं? आणि आता दोघींनी कोणता पाहावा?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : ताई, आधी त्या अहिराणीबद्दल. दिग्दर्शक यासुजिरो ओझूंच्या या १९५३ च्या सिनेमातले आईवडील समुद्राकाठच्या ओनोमिची गावचे, तिथल्याच बोलीत बोलतात. तोक्योत स्थिरावलेली मुलं शहरी जपानी बोलतात. इंग्रजी ओळींत हा फरक पुसला जातो. मी हा सिनेमा चार वेळा पाहिलाय, पण म्हाताऱ्यांचं बोलणं मला कधी गावच्या भाषेत ऐकू आलं नाही. तुम्हाला आलं. रडू येण्याचं निम्मं कारण तेच असावं.

उरलेलं निम्मं कॅमेऱ्यात आहे. ओझूंचा कॅमेरा जमिनीलगत असतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. आपण ओट्यावर तांदूळ निवडत बसतो आणि घरातली माणसं समोरून येत-जात राहतात, तसं. माणूस खोलीतून निघून गेल्यावरही ती रिकामी खोली क्षणभर दिसत राहते. काही घडत नाही असं वाटतं, पण त्या वेळात आपण त्या घरचे होऊन जातो. मग शेवटी म्हातारा पंखा हलवत एकटा बसतो, तेव्हा रिकामी झालेली जागा आपल्या माहितीची असते.

पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. थोरली मुलगी शिगे मला दुष्ट वाटली. आई मरायच्या आधीच ती सुतकाचे कपडे बरोबर घेऊन येते, आणि क्रियाकर्म उरकताच आईचे कपडे मागते. पुढे माझी आई भुसावळला आजारी पडली. मी तीन दिवसांसाठी गेले, परतीचं तिकीट पर्समध्ये ठेवून. त्यानंतर शिगेला दुष्ट म्हणणं मला जमलेलं नाही.

आता सिनेमातल्या सुनेबद्दल. नोरिकोचा नवरा युद्धात गेलाय, त्याला आठ वर्षं झालीत. तिची एक खोली. सासू-सासरे आले म्हणून ती शेजारणीकडून साके, म्हणजे तांदळाची दारू, मागून आणते. पोटच्या मुलांना वेळ नाही, ते आईबापांना आतामी या गरम झऱ्यांच्या गावी पाठवून मोकळे होतात. ही मात्र रजा काढून त्यांना शहर दाखवते. इथपर्यंत तुम्हाला तुमचंच घर दिसलं असणार. पण ताई, पुढचा प्रसंग तुमच्या पत्रात नाही. सासरे तिला सासूचं घड्याळ देतात आणि सांगतात, तू पुन्हा लग्न कर, आमची काळजी नको. ती रडते, म्हणते, मी तुम्हाला वाटते तेवढी चांगली नाही, कित्येक दिवस मला नवऱ्याची आठवणही येत नाही. ते घड्याळ तिला बांधून ठेवायला दिलेलं नाही. शेवटी ती गाडीत बसून ते हातात घेते, आणि गाडी तिच्या आयुष्याकडे चाललेली असते.

म्हणून दिरांचं जाऊ द्या, तुम्हीच सुनेला एकदा विचारा : मूल तुला हवंय, की मी एकटी पडेन म्हणून? उत्तर ऐकताना हातातलं काम बाजूला ठेवा. तिला स्वतःसाठी हवं असेल तर तिच्या बाजूने उभ्या राहा. एकट्या स्त्रीला कायद्याने दत्तक घेता येतं. 'कारा' या दत्तकाचं काम पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या संकेतस्थळावर नोंदणी होते, मग समाजसेवक घरी येऊन अहवाल करतात. त्या वेळी तुम्ही घरात असणं, मोकळेपणाने बोलणं फार मोलाचं ठरेल.

पुढचा सिनेमा हिरोकाझू कोरे-एदांचा पाहा, 'अवर लिटल सिस्टर', २०१५ चा. कामाकुराच्या जुन्या घरात तीन बहिणी राहतात. बाप पंधरा वर्षांपूर्वी दुसरीसाठी घर सोडून गेलेला. त्याच्या अंत्यविधीला गेल्यावर त्यांना त्याची शाळकरी मुलगी भेटते, सुझू. निघताना, गाडी सुटायच्या बेतात असताना, थोरली तिला म्हणते, आमच्याकडे राहायला ये. पोर लगेच हो म्हणते. ज्या बाईने तुमचं घर मोडलं तिचीच ही मुलगी, असं म्हणणारे नातेवाईक तिथंही आहेत. पण सिनेमाचा सगळा वेळ जातो अंगणातल्या झाडाची उमे नावाची आंबट फळं उतरवण्यात, त्यांना टोचे मारून दारू घालण्यात, जेवणात, पावसात. आपल्याकडे कुरडया घालताना नवी सून घरची होते ना, तसं. हे भराभर दाखवलं असतं तर सुझू त्या घरची झालेली आपल्याला पटलीच नसती.

मग कोरे-एदांचाच 'स्टिल वॉकिंग', २००८ चा. आई मक्याचे दाणे अंगठ्याने मोकळे करते आणि त्यांची भजी तळते. थोरला मुलगा बुडून गेलेला, धाकट्याने मुलगा असलेल्या विधवेशी लग्न केलेलं. त्या नातवाला घर कसं वागवतं ते नीट बघा. आजी वाईट नाही, पण बोलता बोलता टोचते. दत्तक घेण्याआधी आपल्या तोंडून काय निघू शकतं, हे तिथं कळेल. मला तरी कळलं.

त्यांचा 'नोबडी नोज' सध्या नको. त्यात सोडून दिलेली मुलं आहेत, तुम्हाला झोप लागणार नाही.

'अवर लिटल सिस्टर'मध्ये घरातल्या खांबावर मुलींच्या उंचीच्या खुणा आहेत, आणि एका प्रसंगी सुझूला त्या खांबाशी उभं करतात. तिथं सुनेने अहिराणीत काय सांगितलं, ते मला जरूर कळवा.